ट्यूबचा चेहरा

६ फेब्रुवारी

नाही घेतलं! ठकीला समोरच्या डेस्कवर नाहीच घेतलं. हॉटेलात जागा आहे म्हणे, पण आत, चादरी-टॉवेलांच्या खात्यात. "तिथे तुमचं काम जास्त उठून दिसेल," असं म्हणाला तो मॅनेजर. चादरींच्या ढिगाऱ्यात काय उठून दिसणार, डोंबल! आणि समोर कोणाला बसवलं? तिच्याच हॉटेल-कोर्सच्या वर्गातली ती गोरी पोरगी. परीक्षेच्या आदल्या दिवशी ठकीच्या वह्या मागायला यायची, तीच.

ठकी चिडली नाही. घरी आली, बूट काढले, चहा मागितला. "बाबा, मी खोलीत शिरले ना, तेव्हाच त्याच्या तोंडावर कळलं मला." एवढंच बोलली आणि बशीतली बिस्किटं संपवली. मे महिन्यात पुन्हा भरती आहे, तोवर चादरी मोजते म्हणाली.

हिने नेहमीचं वाक्य टाकलं, "माझी पोर सोन्यासारखी आहे, त्यांचीच नजर फुटकी." हिला काय जातंय म्हणायला! ही स्वतः उजळ. ठकीने नाक हिचं घेतलं, केस हिचे घेतले, आणि रंग तेवढा बापाचा उचलला. मला शाळेत डांबर म्हणायचे. मास्तरसुद्धा! "डांबर, फळा पूस." साठी जवळ आली तरी कानातून जात नाही.

७ फेब्रुवारी

झोप नाही. दवाखान्यात दोन पेशंटांचे नंबर उलटे लावले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, आज लक्ष कुठंय?" काय सांगणार?

१० फेब्रुवारी

आज पुन्हा एक ट्यूबवाली आली. आमच्याकडे त्यांना हेच नाव. केमिस्टकडून कसलीतरी ट्यूब आणायची, गोरं व्हायला रोज तोंडाला फासायची. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, सगळे वाहवा करतात. मग कातडी पातळ होते, पुळ्या येतात, लव वाढते, उन्हात आग होते. सोडावी तर दुप्पट आग. डॉक्टरबाई चेहरा बघताच ओळखतात, "ट्यूबचा चेहरा आहे हा."

या पोरीला बसवून त्यांनी अर्धा तास समजावलं. बाहेर आल्यावर पुढचं मी समजावलं. त्वचेच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इतकी वर्षं काढली, हे व्याख्यान मला पाठ आहे. "ही ट्यूब खाजखरजेसाठी असते, बाळ. चेहऱ्याला लावायची नसते. डॉक्टरांना न विचारता काहीही लावू नये." पोरगी मान डोलवत होती. मी मात्र तिच्या गालाकडे बघत होतो. उजळला होता, खोटं कशाला बोलू!

११ फेब्रुवारी

कंपन्यांची माणसं नमुन्याच्या ट्यूबा देऊन जातात, त्यांचा एक खण आहे. किल्ली माझ्याकडे.

एक घेतली. खिशात घातली आणि दिवसभर खिशावरून हात काढला नाही. चोराच्या मनात चांदणं.

१२ फेब्रुवारी

केलं.

ठकीचं स्वतःचं एक शास्त्र आहे. न्हाणीघरातून आली की अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. "कोरडी झाली ना बाबा, की आपली कातडी राखाडी दिसते. गोऱ्यांची दिसत नाही, आपली दिसते." त्याची मोठी रिफिलची पिशवी आणते आणि काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत भरून ठेवते. बाहेर पडताना सनस्क्रीन. ते चेहऱ्यावर पांढरं उठतं, मग आरशासमोर उभी राहून स्वतःलाच "भूत! भूत!" म्हणते आणि चोळत बसते. इतकी जपते. आणि रंगाबद्दल एक शब्द नाही. तिला गोरं व्हायचंच नाही!

विचारलं असतं तर बरणी माझ्या डोक्यात घातली असती. म्हणून नाही विचारलं. ती आंघोळीला गेली, ही खाली भाजी आणायला गेली, तेवढ्यात ट्यूब पिळली आणि चमच्याच्या दांड्याने ढवळलं. वाटाण्याएवढंच. घाईत झाकण वाकडं बसलं.

थोडंच तर आहे. मे महिन्यापर्यंतच. एकदा डेस्कवर बसली की बंद.

१९ फेब्रुवारी

पुन्हा घातलं. आता झाकण सरळ बसलं. त्याचीच जास्त लाज वाटली.

४ मार्च

शेजारीण जिन्यात ठकीला म्हणाली, "काय गं, चेहरा उजळलाय! काय लावतेस?" ठकी हसली. "काकू, दिवसभर चादरींत असते, ऊन लागतंय कुठे!"

मी मागे कुलूप लावत होतो. छाती फुगली माझी! खरंच फुगली. पोरगी खरी नव्हे ती गोष्ट प्रामाणिकपणे सांगतेय, आणि बाप मागे कुलूप ओढून बघतोय.

हीसुद्धा खूश दिसते. जेवताना ठकीकडे बघत राहते, मी बघितलं की नजर ताटात.

१५ मार्च

ट्यूबवाला आला होता. पुरुषही येतात आता. मी व्याख्यान दिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मध्येच अडखळलो तर तोच म्हणाला, "काका, पुढे?"

२ एप्रिल

ठकी संध्याकाळी कामावरून आली ती गालाला ओला रुमाल लावून. "बाबा, ऊन चावतंय." बसस्टॉपपर्यंतचं ऊन! हनुवटीवर बारीक पुळ्या. कानाजवळ लव आलीय असं मला वाटलं, पण चष्मा पुसून बघितलं नाही.

आजपासून घालायचं बंद.

५ एप्रिल

बंद केलं नाही. पुळ्या उन्हाळ्याच्याच असतील. भरतीला महिनाच राहिलाय. पुन्हा थोडं घातलं. मी माणूस आहे का कोण आहे!

१४ एप्रिल

पुळ्या वाढल्या. आता गालावर गडद, जांभळट पट्टे. तिने आरसा तोंडाजवळ धरला होता, म्हणाली, "मी तर काहीच बदललं नाही. तेच लावते. मग असं का होतंय?" मला विचारत होती. त्वचेच्या दवाखान्यातला बाप, म्हणून मला विचारत होती!

"डॉक्टरबाईंना दाखवू," मी म्हणालो. ही म्हणाली, "कशाला डॉक्टर? उष्णता आहे, जाईल." ठकी म्हणाली, "आई, जाणार नाही. मला कळतंय."

१७ एप्रिल

आजचं लिहायलाच हवं. कुठे बोलता येणार नाही, निदान इथे तरी.

ठकीला घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी शेवटचा नंबर दिला, सावकाश बघता यावं म्हणून. "आपल्या काकांची मुलगी!" म्हणून खुर्ची जवळ ओढली. दिवा लावला. मग हाताची पालथी बाजू ठकीच्या गालाला लावून थांबल्या. मला म्हणाल्या, "काका, हात लावून बघा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही नाही. हाताला कळते." लावला. तापलेल्या तव्यासारखा गाल! माझ्या पोरीचा.

मग त्यांनी विचारलं, "काय लावतेस?"

"मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बस."

"आणखी?"

"काहीच नाही."

डॉक्टरबाई दिवा बंद करून मागे टेकल्या. मला त्यांचं ते टेकणं माहीत आहे. "हे बघ, मी रागावत नाही. पण हा ट्यूबचा चेहरा आहे. माझ्यासमोर रोज अशा मुली बसतात आणि सगळ्या म्हणतात, फक्त मॉइश्चरायझर. खरं सांगितलंस तरच औषध लागू पडेल."

"मी खरंच सांगतेय, मॅडम."

"एखादी नाइट क्रीम? मैत्रिणीची?"

"मी असलं काही लावत नाही. मला गोरं व्हायचंच नाहीये!" आवाज चढला तिचा. डोळ्यांत पाणी. मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, तू सांग ना यांना. मी लावते का काही?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. तोच क्षण होता. आणि मी काय म्हणालो?

"मुलीच त्या. मैत्रिणी काहीबाही देतात, यांच्या लक्षातही राहत नाही."

हे मी म्हणालो. याच तोंडाने! ठकीने पर्स उचलली आणि बाहेर जाऊन माझ्याच स्टुलावर बसली. डॉक्टरबाईंनी मलम लिहून दिलं, म्हणाल्या, "घरी नीट विचारा, काका. ओरडू नका."

बसमध्ये पलीकडच्या सीटवर बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "तुलापण मी खोटारडी वाटते?" मी म्हणालो, "अगं तसं नाही..."

१८ एप्रिल

पहाटे उठलो, बरणी रिकामी करून नवीन भरून ठेवायची म्हणून. बघतो तर बरणी धुऊन ओट्यावर पालथी! ही म्हणाली, "वास यायला लागला होता, टाकून दिलं." माझ्या मनात आलं, सुटलो! देवासारखी धावून आली बायको, स्वतःला न कळता.

सुटलो म्हणे. लाज कशी ती उरली नाही.

२४ एप्रिल

सुटलो नाही. ट्यूब अशी एकदम बंद झाली की कातडी उसळते, हे मी किती जणांना सांगितलंय! हळूहळू उतरवावी लागते, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि माझ्याच घरात एका रात्रीत बंद. ठकीचे डोळे सुजून बारीक झालेत. गालांची सालं निघतायत. तोंडावर पाणी घेतलं तरी आई गं म्हणते. कामावर गेली नाही. खोलीचं दार लोटून बसलीय. ही दारापर्यंत जाते, थांबते, परत येते.

डॉक्टरबाईंचं मलम उपयोगी नाही. कसं होणार? कुठली ट्यूब, तेच त्यांना माहीत नाही.

२५ एप्रिल

डॉक्टरबाईंना सांगितलं.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी. त्या पंखा लावत होत्या. मी म्हणालो, "बाई, ठकी खोटं बोलली नाही. मी बोललो." आणि सगळं सांगितलं. खण, ट्यूब, बरणी. बोलताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो.

मला वाटलं ओरडतील, किल्ली मागतील. त्या खाली बसल्या. "तुम्ही, काका?" एवढंच. त्यापेक्षा किल्ली मागितली असती तर बरं झालं असतं.

मग डॉक्टर झाल्या. किती घालत होता? म्हटलं, आठवड्यातून एकदा, वाटाण्याएवढं, आख्ख्या बरणीत. त्यांनी मान हलवली. "एवढ्याने इतकं होणार नाही. नीट आठवा. रोज घालत होता का?"

"नाही, शपथेवर सांगतो."

"काका, आता तरी लपवू नका."

"लपवत नाहीये! एवढंच घातलंय!"

त्या मागे टेकल्या. तशाच, ठकीसमोर टेकल्या होत्या तशा. "सगळे असंच म्हणतात," म्हणाल्या. मी खरं बोलत होतो आणि कोणी मानत नव्हतं! ठकी त्या खुर्चीत कशी बसली असेल, ते तेव्हा कळलं. वर्मी लागलं.

ट्यूबचं नाव कळल्यावर औषध बदलून दिलं. हळूहळू उतरेल, डाग मात्र महिनोन्महिने राहतील म्हणाल्या. "सावळ्या कातडीला जखमेपेक्षा जखमेची आठवण जास्त दिवस राहते." आणि दारात थांबवून म्हणाल्या, "मुलीला सांगा. तिला सांगितल्याशिवाय माझ्या पेशंटांना उपदेश करायचा नाही."

२८ एप्रिल

आज सांगणार होतो. दारापर्यंत गेलो. आतून म्हणाली, "कोण?" मी म्हणालो, "काही नाही, पंखा चालू आहे का बघत होतो."

३० एप्रिल

नवीन औषधाने आग कमी आहे. आज ती थोडं हसली, फोनवर कोणाशी तरी. आता सांगितलं तर ते हसूही जाईल, असं मनात आलं. किती सोयीचा विचार! माझ्यासारखा पळपुटा शोधून सापडणार नाही.

३ मे

सांगितलं. रविवार होता, तिघंही घरी. ठकी टेबलाशी बसून पायांना क्रीम लावत होती. ही भांडी घासत होती. मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर पुन्हा पंख्याबिंख्याचं काहीतरी बोललो असतो.

"तुझ्या बरणीत ट्यूब मी घालत होतो. हॉटेलने तुला आत बसवलं त्या आठवड्यापासून. डॉक्टरबाईंसमोर तू खरं बोलत होतीस. मी खोटं बोललो."

तिचा हात पायावरच थांबला. मग बोलली, आवाज न चढवता.

"माझी लाज वाटायची तुला?"

"तुझी नाही गं. तुला माझा रंग आला, त्याची. मला शाळेत..."

"डांबर म्हणायचे. माहितीये. तू आजारी असलास की झोपेत बोलतोस." क्रीमचं झाकण लावलं तिने, नीट फिरवून. "पण बाबा, रंग एकच आहे ना आपला? मग तुझी लाज काय आणि माझी लाज काय! मी एवढी वर्षं आरशात बघून म्हणत होते, बाबासारखी दिसते. मला आवडायचं ते."

असं म्हणाली! मला आवडायचं ते. भूतकाळात.

उठून खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटायला हवं होतं.

आणि ही? मला वाटलं होतं, लाटणं घेऊन अंगावर येईल. पोरीला कोणी वावगं बोललं तर वाघीण होते ही. पण नळ तसाच वाहत होता आणि ही पाठमोरी उभी. एक शब्द नाही. इतकी चिडलीय की शिव्या द्यायलासुद्धा मी लायक राहिलो नाही.

४ मे

दोघीही बोलत नाहीत.

९ मे

ठकी कामावर जायला लागली, तशीच, तोंड न झाकता. जिन्यात शेजारीण म्हणाली, "अगंबाई, हे काय झालं? किती छान उजळली होतीस!" ठकी म्हणाली, "काकू, ते छान नव्हतं, तेच आजारपण होतं." आणि खाली उतरून गेली. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी काय बघणार! पायऱ्या बघितल्या.

१२ मे

आज ती भरती होती. डेस्कची.

ठकी गेली नाही. कालपासून पुन्हा थोडी सूज आहे, उजव्या गालावर सालं. तिने फक्त फोन करून सांगितलं, "येऊ शकत नाही, प्रकृती बरी नाही." आणि फोन ठेवून माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही. बसमध्ये अनोळखी माणूस पाय देऊन जातो ना, तसं.

ज्या एका दिवसासाठी हे सगळं केलं, तो दिवस मीच तिच्याकडून काढून घेतला. मॅनेजरने तिला नाही म्हटलं एकदा. मी दर आठवड्याला म्हणत होतो, बरणीत ढवळून ढवळून.

१३ मे

हिला म्हटलं, "अगं, काहीतरी बोल. ओरड तरी." ही उठून गच्चीवर कपडे काढायला गेली. कपडे ओले होते.

१८ मे

ठकीने आज स्वतःहून विचारलं, "बाबा, सनस्क्रीन कुठलं चालेल आता? डॉक्टरबाईंना विचारून ये." प्रेमाने नाही, कामापुरतं. तरी मी दोन वेळा विचारून आलो, चुकायला नको म्हणून. रंगाचं असतं म्हणे एक, सावळ्या कातडीसाठी, पांढरं उठत नाही. आणलं. सील न फोडता तिच्या हातात दिलं. तिने सील नीट निरखलं. मग फोडलं.

निरखलंच पाहिजे. मला बरंच वाटलं तिने निरखलं ते.

दवाखान्यात परवानगी मिळाली पुन्हा बोलायची. आज एका ट्यूबवालीला मी व्याख्यान दिलं नाही. एवढंच म्हटलं, "घरी सांग कोणालातरी." ती रडली.

२३ मे

ठकी कामावर गेल्यावर ही समोर येऊन बसली. म्हटलं, आता सुरू होणार. होऊन जाऊ दे एकदाचं.

हिने मूठ उघडून एक ट्यूब टेबलावर ठेवली. शेपटाकडून गुंडाळत आणलेली, पार संपलेली. आमच्या दवाखान्यातली नव्हे.

"त्याच बरणीत," म्हणाली. "रोज. तुमच्या आधीपासून."